तपासनीस परदेशात, अपघात मुळशीत!

मुळशी तालुक्यात २०२४ साली चाळीस दिवसांच्या आत दोन हेलिकॉप्टरे कोसळली. पहिले २४ ऑगस्ट रोजी. मुंबईच्या जुहू विमानतळावरून हैदराबादच्या दिशेने निघालेले ते हेलिकॉप्टर पावसात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात पौडजवळ पडले. आतले चौघेही वाचले, हे दैवाचेच उपकार. दुसरे २ ऑक्टोबर रोजी, गांधीजयंतीच्या सकाळी. बावधनच्या एका गोल्फ मैदानाशेजारील हेलिपॅडवरून जुहूकडे उडालेले हे हेलिकॉप्टर काही मिनिटांतच धुक्याने भरलेल्या टेकडीत कोसळून पेटले. या वेळी मात्र दैव आडवे आले नाही. दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे प्राणास मुकले. त्याच वर्षी ३ मे रोजी, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू असताना, एका पुढारीण बाईंना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरता महाडला आडवे झाले होते. महाड काही मुळशीत नाही. पण ताम्हिणीचा घाट उतरले की कोकणचा तो मुलूख लागतो. डोंगर तोच, ढग तेच, वाराही तोच. पाच महिन्यांत सह्याद्रीच्या या एवढ्याशा पट्ट्यात तीन हेलिकॉप्टरे जमिनीवर आपटली, आणि वृत्तपत्रांचे रकाने दोन दिवस भरून ती सारी प्रकरणे थंड झाली.

हे अपघात कशाने झाले याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तशी आमची इच्छाही नाही. त्या कामासाठी सरकारने २०१२ साली विमान अपघात अन्वेषण विभाग निर्माण केलेला आहे. आमचा प्रश्न अपघात झाल्यानंतरचा नाही, अपघात होण्यापूर्वीचा आहे. जी यंत्रे आकाशात उडतात ती धडधाकट आहेत की नाहीत, ती उडविणारे पुरेसे तयार आहेत की नाहीत, जेथून ती उडतात ती जागा, तेथील वारा, तेथील ढग यांचा विचार कोणी केला आहे की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहण्याचे काम दिल्लीतील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहे. सफदरजंग विमानतळासमोरच्या या कचेरीच्या हाती देशातील प्रत्येक प्रवासी विमानाचे, प्रत्येक भाडोत्री हेलिकॉप्टरचे आणि प्रत्येक वैमानिकाच्या परवान्याचे भवितव्य आहे. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलात आला. पण कायद्याची पाटी बदलली तरी तपासणीचे काम माणसांनीच करावयाचे असते. ती माणसे किती आहेत आणि ती असतात कोठे, हाच आजचा आमचा विषय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खुद्द संसदेनेच देऊन ठेवले आहे. वाहतूक, पर्यटन आणि संस्कृती या विषयांच्या संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई सुरक्षेचा जो अहवाल सादर केला त्यात म्हटले आहे की, महासंचालनालयातील १,०६३ मंजूर जागांपैकी अवघ्या ५५३ जागा भरलेल्या आहेत. म्हणजे ५१० खुर्च्या रिकाम्या! ज्या महासंचालनालयाने एखाद्या विमान कंपनीकडे दोन अभियंते कमी आढळले तर तिला कारणे दाखवा म्हणून नोटीस द्यावयाची, त्याच महासंचालनालयात निम्मी माणसे नाहीत. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी २६० माणसांचा बळी गेल्यानंतर दोन महिन्यांनी ही आकडेवारी देशासमोर आली, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. ही उरलेली माणसे असतात कोठे? त्यांतली बहुतेक आपापल्या टेबलापाशी, फायलींच्या ढिगाऱ्याखाली असतात, हे आम्ही मान्य करतो. पण त्यांच्यापैकी जे अनुभवी, ज्यांच्या सहीला किंमत आहे, त्यांच्या कामाचा एक भाग देशाबाहेर पार पडतो. आपल्या विमानांची इंजिने आणि मोठी दुरुस्तीची कामे ज्या परदेशी कारखान्यांत होतात त्या कारखान्यांना भारताची मान्यता लागते. आपले वैमानिक ज्या परदेशी सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाच्या सरावयंत्रावर बसतात, त्या यंत्रांनाही ती लागते. आपल्या कंपन्यांची विमाने ज्या परदेशी विमानतळांवर उतरतात तेथील व्यवस्था पाहावी लागते. मान्यता एकदा दिली की संपले असेही नाही. तिची मुदत सरली की पुन्हा पाहणी, पुन्हा कागद, पुन्हा प्रवास.

येथे कोणी आमच्यावर असा आरोप करील की, तुम्हांला परदेशी कारखान्यांची तपासणीच नको आहे. तसे मुळीच नाही. आपल्याकडील इंजिनांची दुरुस्ती जोवर परदेशात होते तोवर त्या कारखान्यांवर आपली नजर असलीच पाहिजे. शिकागो येथे १९४४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये आपल्या नोंदणीच्या विमानांची जबाबदारी आपली आहे. ती सिंगापूरच्या किंवा जर्मनीच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही. भारतीय कंपन्यांनी २०२३ साली केलेल्या विमानांच्या मागण्या ज्यांनी पाहिल्या असतील, एका कंपनीने ४७० आणि दुसरीने ५००, त्यांना हे काम यापुढे वाढणारच हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा वाद तपासणी हवी की नको असा नाही. जी तपासणी दुसऱ्या कोणी आधीच नीट केली आहे ती आपण पुन्हा करावयास विमानाने जावे काय, कोणी जावे, किती दिवस जावे, आणि परत आल्यावर काय सांगावे, हा वाद आहे. उधळपट्टी म्हणतात ती नेमकी येथे, या चार प्रश्नांच्या फटीत लपून बसलेली असते.

ज्या कारखान्यांत आपली इंजिने जातात ते काही गल्लीबोळातले नाहीत. त्यांच्यावर त्यांच्या देशाच्या विमान खात्याची देखरेख असते, युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेची असते, अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाची असते. एकाच हातोड्याचा आवाज ऐकण्यासाठी चार देशांचे तपासनीस आळीपाळीने येऊन जातात. या वेडाचारावर उपाय काय हे अमेरिका आणि युरोपने केव्हाच शोधून काढले आहे. ३० जून २००८ रोजी त्यांनी आपसांत करार केला, १ मे २०११ पासून तो अंमलात आला, आणि तेव्हापासून युरोपातील दुरुस्ती कारखान्यांची तपासणी बव्हंशी युरोपचेच अधिकारी अमेरिकेच्या वतीने करतात, तर अमेरिकेतील कारखान्यांची पाहणी अमेरिकन अधिकारी युरोपच्या वतीने. एकमेकांचे काम नीट चालले आहे की नाही हे ते मधूनमधून नमुन्यादाखल पाहतात. अमेरिकेला काही माणसांची किंवा डॉलरची चणचण होती म्हणून तिने हे केले असे नव्हे. तज्ज्ञ माणसाचा एक दिवस ही पैशाहून दुर्मीळ वस्तू आहे, हे तिने ओळखले. आपणही २०११ साली अमेरिकेशी विमानसुरक्षेचा करार केलेला आहे. पण दुरुस्ती कारखान्यांच्या तपासणीपर्यंत तो विश्वास पोहोचविण्याची घाई आपल्याला झालेली दिसत नाही. आणि का व्हावी? करार झाला की दौरे संपतात!

हे लिहिताना आम्ही कोणा एका अधिकाऱ्याकडे बोट दाखवीत नाही. दोष माणसांचा असता तर बदली करून भागले असते. आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत परदेशवारी हे काम नसते, तो प्रसाद असतो. पगार खाजगी कंपन्यांच्या मानाने तुटपुंजा, बढती संथ, कामाचा बोजा दुप्पट. अशा स्थितीत वर्षा-दोन वर्षांतून एखादा परदेशदौरा पदरात पडला तर तो नाकारावा असे कोणाला वाटेल? आणि प्रसाद म्हटला की तो पंक्तीत आधी वडीलधाऱ्यांना. ज्याला इंजिनातले कळते तो खाली राहतो आणि ज्याची सेवा अधिक झाली तो पुढे जातो, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोणत्याही सरकारी खात्यात उमेदवारी केली आहे त्यांना नवा नाही. दौऱ्यावर एकाने भागत असेल तेथे दोघे, आणि दोन दिवसांत उरकत असेल तेथे पाच दिवस, हा हिशेब लावण्यासाठी कोणी वाईट असावे लागत नाही. हिशेब मागणारा कोणी नसला म्हणजे पुरे.

आपल्या शेजारच्या गोव्याने २०१४ साली याचा एक झणझणीत नमुना पेश केला होता. ब्राझीलमध्ये विश्वचषक फुटबॉल स्पर्धा चालू असताना तेथील सरकारने मंत्री आणि आमदार मिळून सहा जणांच्या ‘अभ्यासदौऱ्या’साठी ८९ लाख रुपये मंजूर केले! फुटबॉलच्या सोयीसुविधांचा अभ्यास सामने चालू असतानाच करणे आवश्यक असते, ही गोष्ट आम्हांला तोपर्यंत ठाऊक नव्हती. लोकांनी आरडाओरड केली, कारण ब्राझील, फुटबॉल आणि आमदार हे सर्वांना समजणारे शब्द होते. विमानाच्या इंजिनदुरुस्तीचे तसे नाही. तेथे गेलेल्या तपासनिसाने कोणते कपाट उघडून पाहिले आणि कोणते पाहिले नाही, हे विचारण्याची हिंमत तुमच्याआमच्यासारख्या माणसाला होत नाही. तांत्रिकपणाचे हे चिलखत नियामकांना फार सोयीचे असते.

खर्चाचा भार कोण उचलतो हा मुद्दाही सोपा नाही. सरकारी तिजोरीतून पैसा जात असेल तर तो आपला, करदात्यांचा, पैसा. आणि ज्याची तपासणी व्हावयाची त्यानेच तपासनिसाच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसला, तर तिजोरी वाचते खरी. पण यजमानाच्या घरी जेवून उठलेल्या पाहुण्याने त्याच्या स्वयंपाकघरातील झुरळे मोजावीत, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. शिवाय पैसा दुसऱ्याचा असला की दौरा टाळण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी सरकारचे आर्थिक नियंत्रण गप्प बसते, कारण तिजोरीचा एक रुपया गेलेला नसतो. गेलेला असतो तो तपासनिसाचा वेळ, आणि वेळेचे अंदाजपत्रक सरकार कधी मांडीत नाही.

तेच आपण मांडून पाहू. दोन तपासनीस एका कारखान्याच्या पाहणीसाठी आठवडाभर परदेशी गेले. जाण्यायेण्याचे धरून हे चौदा मनुष्यदिवस झाले. मुंबईहून सरकारी जीपने निघालेला एक माणूस द्रुतगती मार्गाने चार तासांत बावधनला पोहोचतो. पहिल्या दिवशी त्याने जुहूवर उभी असलेली भाडोत्री हेलिकॉप्टरे आणि त्यांची देखभालीची वहीखाती पाहावीत. दुसऱ्या दिवशी बावधनची टेकडी, तिसऱ्या दिवशी पौड आणि मुळशी धरणाचा परिसर, चौथ्या दिवशी ताम्हिणी उतरून माणगाव, महाड. चौदा दिवसांत एक माणूस पुणे, रायगड आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील बहुतेक हेलिपॅड पायाखाली घालील, पहाटेचे धुके किती वाजता उठते ते तेथील गुराख्याला विचारील, आणि विजेच्या तारा कोठून कोठे गेल्या आहेत ते कागदावर काढील. त्याला ना व्हिसा लागेल, ना परकीय चलन. त्याच्या दैनिक भत्त्यात एका परदेशी हॉटेलातील एक रात्रही निघणार नाही.

हे केवळ आमचे स्वप्नरंजन आहे असे कोणी समजू नये. घरच्या तपासणीतून काय हाती लागते याचा पुरावा खुद्द महासंचालनालयानेच दिला आहे. अहमदाबादच्या अपघातानंतर जून २०२५ मध्ये त्याच्या पथकांनी दिल्ली, मुंबई अशा मोठ्या विमानतळांवर रात्री-पहाटे जाऊन पाहणी केली. आढळले काय? झिजलेल्या चाकांपायी एक देशांतर्गत उड्डाण रोखून धरावे लागले. एका विमानतळावर धावपट्टीची मधली रेषा पुसट झालेली. एके ठिकाणी सरावाचे सिम्युलेटर प्रत्यक्ष विमानाशी जुळत नव्हते आणि त्याची संगणकप्रणालीही जुनीच. एका विमानतळाभोवती नव्या इमारती उठल्या होत्या, पण अडथळ्यांची नोंद तीन वर्षांत ताजी केलेली नव्हती. विमानात वारंवार उद्भवणारे तेच ते दोष, जमिनीवरील हाताळणीची साधने नादुरुस्त! आणि हे सारे काही दिवसांत, देशातल्या देशात, जेथे सर्वांत जास्त डोळे असावयास हवेत अशा विमानतळांवर. दिल्लीच्या नाकाखाली ही अवस्था, तर जेथे ना मनोरा, ना नियंत्रक, ना हवामानखात्याचा माणूस, अशा बावधन-पौडच्या टेकड्यांवर कोणी गेले तर काय काय सापडेल?

मुळशीचे दुखणे थोडे वेगळे आहे तेही समजून घेतले पाहिजे. हिंजवडीपासून ताम्हिणीपर्यंत पसरलेल्या या तालुक्याचे पूर्वेकडील टोक आता जवळजवळ पुणे शहर झाले आहे. तेथे गोल्फची मैदाने आली, विश्रामधामे आली, टेकड्यांवर श्रीमंतांची वसतिस्थाने आली, आणि त्यांच्या पाठोपाठ हेलिकॉप्टरेही आली. पश्चिमेकडे मात्र सह्याद्री आहे तसाच आहे. जुलै-ऑगस्टात ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर देशातील अतिवृष्टीच्या स्थळांशी बरोबरी करील असा पाऊस कोसळतो, आणि ढग टेकड्यांच्या कमरेपर्यंत उतरतात. मुंबईहून पुण्याकडे वा पुण्याहून कोकणाकडे जाणाऱ्या लहान हेलिकॉप्टराला या भिंतीवरून जाण्यावाचून गत्यंतर नाही. मोठी प्रवासी विमाने ठराविक मार्गाने, उंचावरून, नियंत्रकाशी बोलत जातात. हेलिकॉप्टरचा वैमानिक पुष्कळदा डोळ्यांना दिसेल तेवढ्याच्या भरवशावर जातो, आणि खाली उतरल्यावर कोणी बडा पाहुणा घड्याळाकडे पाहत उभा असतो. ‘आज धुके आहे, येणार नाही’ असे त्या पाहुण्याला सांगण्याचे बळ त्या वैमानिकाच्या अंगी कोण देणार? नियामकाचा माणूस जवळपास आहे, तो आज ना उद्या वही तपासणार आहे, ही जाणीवच ते बळ देते. दिल्लीच्या परिपत्रकाने ते येत नाही.

या डोंगराने विमाने गिळल्याची ही पहिली वेळ नव्हे. ७ जुलै १९६२ रोजी सिडनीहून रोमच्या वाटेवर असलेले इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान मुंबईला उतरावयाचे असताना याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर भागातील एका डोंगरावर आदळले आणि ९४ माणसे मेली. रात्र, पावसाळा, आणि मुंबई जवळ आली या समजुतीने वेळेआधी कमी केलेली उंची. यंत्रात दोष नव्हता. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, विमान नेमके कोठे आहे याचाच वैमानिकांचा अंदाज चुकला होता. साठ वर्षांत उपकरणे कितीतरी सुधारली. पण सह्याद्रीची उंची आणि पावसाळ्याची तऱ्हा यांत फरक पडलेला नाही, आणि त्यांची माहिती परदेशातील कोणत्याही कारखान्याच्या कपाटात ठेवलेली नाही.

डोंगरातील हेलिकॉप्टरांचे प्रकरण किती गंभीर आहे हे कळावयास सरकारला उत्तराखंडातील बळी द्यावे लागले. ८ मे २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवर पाच यात्रेकरू व वैमानिक गेले, १५ जून रोजी केदारनाथजवळ सात. त्यानंतर नियम कडक झाले, उड्डाणे कमी केली गेली, नियंत्रणकक्ष उघडला गेला. याच संसदीय समितीने राज्यांतील हेलिकॉप्टरसेवांसाठी देशभर एकच नियमावली असावी आणि डोंगराळ प्रदेशात उडणाऱ्या वैमानिकांना त्या प्रदेशाचे खास शिक्षण असावे, अशी शिफारस केली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, डोंगर म्हटला की हिमालयच असे दिल्लीने समजू नये. सह्याद्री उंचीने लहान आहे, धुक्याने नाही.

दुर्दैवाने या खात्याला जागे करण्याचे काम आजवर नेहमी परक्यांनीच केले आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तपासणीत डिसेंबर २०१२ मध्ये आपली त्रेधा उडाली. पाठोपाठ ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने भारताच्या विमानसुरक्षेचा दर्जा पहिल्या श्रेणीवरून दुसऱ्या श्रेणीवर आणला. आपल्या कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणे सुरू करण्यास बंदी झाली, आणि जी चालू होती त्यांच्यावर जादा तपासणी लादली गेली. मुख्य कारणांपैकी एक कोणते? आपल्याकडे पूर्णवेळ उड्डाण-निरीक्षक पुरेसे नव्हते. घाईघाईने ७५ जागा मंजूर झाल्या, आणि ८ एप्रिल २०१५ रोजी गेलेली अब्रू परत मिळाली. त्याला दहा वर्षे होत नाहीत तोच संसदेच्या समितीने पुन्हा निम्म्या जागा रिकाम्या असल्याचे दाखवून द्यावे! अमेरिकेचे तपासनीस येथे आले ते आपला कारभार पाहावयास. आपले तपासनीस तिकडे जातात तेव्हा येथला कारभार कोण पाहतो, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असता तर बरे झाले असते.

या दौऱ्यांचा हिशेब जनतेला मिळण्याची एक वाट सरकारनेच काढून ठेवली आहे, आणि तीच अर्ध्यावर तोडली आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये सप्टेंबर २०१२ आणि एप्रिल २०१३ मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने आदेश काढले की, अधिकृत दौऱ्यांचा तपशील, म्हणजे स्थळ, मुदत, सोबतची माणसे आणि एकूण खर्च, प्रत्येक खात्याने न मागता प्रसिद्ध करावा. फार चांगली गोष्ट. परंतु हा आदेश मंत्री, सहसचिव वा त्याहून वरच्या दर्जाचे अधिकारी आणि खातेप्रमुख यांच्यापुरता आहे. तपासणीचे दौरे कोण करतो? उपसंचालक, साहाय्यक संचालक, उड्डाण-निरीक्षक. ते त्या मर्यादेच्या खाली राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दौरेही काळोखात राहतात. सहसचिव एखाद्या परिषदेत भाषण करून आला तर त्याचा खर्च जाहीर व्हावा. आणि ज्या तपासणीवर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत तिचे मात्र ना स्थळ जाहीर, ना निष्कर्ष! हा उरफाटा न्याय कोणाच्या डोक्यातून निघाला?

तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्र्यांकडे आमची मागणी मोघम नाही. तपासणीसाठी परदेशी गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याचा हुद्दा, स्थळ, दिवस, खर्च आणि तो खर्च कोणी सोसला ही माहिती महासंचालनालयाने दर तिमाहीस प्रसिद्ध करावी. दर्जाची अट काढून टाकावी. दौऱ्याहून परतल्यावर एक महिन्याच्या आत तपासणीचा निष्कर्ष सार्वजनिक व्हावा. काय दोष आढळले आणि ते दूर झाले की नाहीत, एवढे त्यात असले तरी चालेल. व्यापारी गुपिते झाकण्यास आमची हरकत नाही. ज्या कारखान्याची तपासणी युरोपच्या वा अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी केली आहे तेथे पुन्हा जाण्याचे कारण लेखी नोंदवावे. कागद पाहून भागत असेल तर येथेच पाहावेत. २०२०-२१ च्या महामारीत जगभरच्या नियामकांनी दूरस्थ तपासणी करून दाखविली आहे. तेव्हा जे चालले ते आता का चालू नये, याचे उत्तर दौऱ्यावर निघणाऱ्याने द्यावे.

आणि दुरुस्तीच मुळी देशात आणावी. विमानदुरुस्तीवरील वस्तू व सेवा कर २०२० साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरविण्यात आला तो याच हेतूने. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग कंपनीने बांधून दिलेला मोठा दुरुस्ती कारखाना २०१५ सालापासून उभा आहे. जे काम तेथे होईल त्याच्या तपासणीस मुंबईच्या अधिकाऱ्याला रात्रीच्या रेल्वेने जाता येते. विदर्भाच्या उन्हात चार दिवस काढण्याची चुरस आमच्या सरकारी कचेऱ्यांत लागेल असे आम्हांस वाटत नाही. पण ज्या दौऱ्यासाठी चुरस लागत नाही तो बहुधा कामाचाच असतो.

राज्य सरकारही यातून सुटत नाही. तात्पुरत्या हेलिपॅडची प्रकरणे जिल्हा प्रशासनाच्या टेबलावर येतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत ती कशी हातावेगळी होतात हे आम्हांला ठाऊक आहे. हेलिकॉप्टरने फिरणारे पुढारी सर्व पक्षांचे आहेत, म्हणून हा प्रश्न कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. मुळशीतील हेलिपॅडांची यादी पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांसमोर ठेवावी. कोणते कायमचे, कोणते तात्पुरते, कोणाच्या मालकीचे, आणि शेवटची पाहणी कधी झाली, हे त्यात असावे. महासंचालनालयाच्या मुंबईतील विभागीय कचेरीने ती यादी हाती घेऊन पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जागी एक माणूस पाठवावा. याला संसदेचा ठराव लागत नाही की नवा कायदा. एक जीप, एक चालक आणि नकाशा वाचता येणारा एक तपासनीस एवढे पुरे. तो तपासनीस दौऱ्यावर असेल, तर परत केव्हा येणार ते तरी पौडच्या आणि बावधनच्या लोकांना कळवावे.